बॅलरॉगला पंख होते का?

मोरियाच्या भुयारात एक अरुंद दगडी पूल आहे. पुलावर जादूगार गँडाल्फ एकटा उभा आहे आणि समोरून ज्वाळा आणि काळोख अंगावर घेऊन बॅलरॉग नावाचा राक्षस चालून येतोय. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या खंडातला हा प्रसंग ज्यानं वाचलाय तो सहसा विसरत नाही. पण या प्रसंगावर गेली कित्येक वर्षं जो वाद चाललाय, तो गँडाल्फच्या शौर्याचा नाही. लेखक टोल्किन आधी सांगतो की बॅलरॉगभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली. थोड्याच ओळी पुढे तो सांगतो की त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले. पहिल्या वेळी उपमा होती, दुसऱ्या वेळी सरळ विधान. मग पंख होते की नव्हते?

एक पक्ष म्हणतो, उपमा एकदा दिली की लेखक दर वेळी ‘सारखे’ लिहीत बसत नाही. दुसरे पंखही सावलीचेच. शिवाय पंख असते तर पूल तुटल्यावर तो दरीत कोसळला कशाला? उडाला नसता का? त्यावर दुसऱ्या पक्षाचं उत्तर तयार असतं: शहामृगालाही पंख असतात. मग कुणीतरी त्याच लेखकाचं ‘सिल्मारिलियन’ काढतं. त्यात मॉरगॉथ या दुष्ट सत्ताधीशाच्या मदतीला बॅलरॉग हिथलम प्रदेशावरून आगीच्या वादळासारखे येतात. आता हे ‘वरून’ म्हणजे आकाशातून, की नुसतं तो प्रदेश ओलांडून? १९९३ साली याच वाक्याचा एक वेगळा मसुदा छापून आला, आणि त्यात त्यांच्या वेगाचं वर्णन करताना पंखांचा शब्द सापडला. पंखवाले खूश झाले. बिनपंखवाल्यांनी शांतपणे दाखवून दिलं की माणसाच्या वेगालाही आपण हेच विशेषण लावतो. पीटर जॅक्सननं २००१च्या चित्रपटात बॅलरॉगला झकास पंख दिले, पण या मंडळींच्या न्यायालयात चित्रपट हा पुरावा म्हणून दाखल करून घेत नाहीत.

बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. थोडा आहेच. पण वादाची पद्धत बघा. कोणती आवृत्ती, कोणता मसुदा, तो कोणत्या साली लिहिला, नंतर लेखकानं त्यावर काट मारली का, हे सगळं इथे विचारलं जातं. टोल्किनच्या सुरुवातीच्या कथांत बॅलरॉगांच्या झुंडी आहेत, शेकड्यांनी मोजाव्यात अशा. बऱ्याच वर्षांनंतर त्यानं एका मसुद्याच्या समासात नोंद करून ठेवली की असे बॅलरॉग तीन किंवा फार तर सात होते. झुंडीतला बॅलरॉग आणि सातांतला एक बॅलरॉग हा एकच प्राणी कसा असेल? म्हणून जाणकार माणूस ‘बॅलरॉगला पंख होते का’ एवढ्यावर थांबत नाही. तो विचारतो, कोणत्या सालच्या बॅलरॉगला?

एखाद्या कादंबरीच्या वाचकांना ही सवय लागली कशी? माझ्या मते ती खुद्द लेखकानं लावली. जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन (१८९२–१९७३) ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होता. १९२५पासून प्राचीन इंग्रजीचा, १९४५नंतर इंग्रजी भाषा आणि साहित्याचा. हजारेक वर्षांपूर्वीची हस्तलिखितं, नकला करणाऱ्यांच्या चुका, हरवलेली पानं, एका कथेचे दोन पाठ आणि दोहोंतला जुना कोणता याची छाननी, हा त्याचा रोजचा उद्योग. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी ज्या विद्येच्या बळावर पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या, तीच ही विद्या. टोल्किननं ती आपल्या कल्पित जगाला लावली. पुस्तकातली बतावणी अशी की हे आपण रचलेलं नाही. कथेतल्या हॉबिट या बुटक्या जमातीतल्या बिल्बोनं रोजनिशी लिहिली, फ्रोडोनं आणि सॅमनं ती पुढे नेली, मूळ वही हरवली, पण गॉन्डोरच्या राज्यात फिन्डेगिल नावाच्या राजलेखकानं तयार केलेली एक प्रत टिकली, आणि टोल्किन बिचारा नुसता भाषांतरकार. ही बतावणी तो इतकी मनावर घेतो की परिशिष्टात सांगून टाकतो, मेरी या हॉबिटचं खरं नाव कालिमॅक. ‘मेरी’ हे आपण वाचकांच्या सोयीसाठी केलेलं भाषांतर.

या बतावणीनं त्याला एकदा मोठ्या पेचातून सोडवलं. बिल्बोची गोष्ट सांगणारं त्याचं आधीचं पुस्तक ‘द हॉबिट’ आलं १९३७ साली. त्याच्या पहिल्या आवृत्तीत बिल्बोला भेटणारा गॉलम हा प्राणी बऱ्यापैकी सज्जन आहे. कोड्यांच्या पैजेत हरलो तर भेट देईन, असं तो कबूल करतो. ती भेट म्हणजे अंगठी. ती सापडत नाही तेव्हा माफी मागून बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना ती अंगठी जगाचा नाश करू शकणारी निघाली. जिच्यासाठी गॉलम जीव देईल आणि घेईल ती अंगठी तो पैजेवर लावेल कसा? टोल्किननं १९४७मध्ये ते प्रकरण नव्यानं लिहून नमुना म्हणून प्रकाशकाकडे पाठवलं, आणि प्रकाशकानं ते त्याला पुन्हा न विचारता नव्या आवृत्तीत घातलं. छपाईची मुद्रितं हाती आली तेव्हा खुद्द लेखकच चकित झाला. १९५१ची आवृत्ती बाजारात आली. आता जगात दोन गॉलम होते आणि दोन्ही छापील.

दुसरा एखादा लेखक गप्प बसला असता. टोल्किननं दोन्ही पाठ खरे ठरवले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रास्ताविकात त्यानं लिहिलं की बिल्बोनं रोजनिशीत आधी खोटी हकीकत नोंदवली होती आणि काही प्रतींत ती तशीच राहिली आहे. आणि बिल्बो खोटं का बोलला? अंगठीचा अंमल त्याच्या मनावर तेव्हापासूनच चढू लागला होता. लेखकाची अडचण अशी कथेतल्या पात्राचा गुन्हा होऊन बसली. मला वाटतं, कल्पित साहित्यात पाठभेदाचा इतका सुंदर उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

अशा लेखकाला वाचक पत्रं लिहिणार नाहीत तर काय? १९५४-५५मध्ये तिन्ही खंड बाहेर पडले आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. १९५६च्या एका पत्रात टोल्किन काहीशा वैतागानं, काहीशा कौतुकानं यादीच देतो: संगीतवाल्यांना गाण्यांच्या चाली हव्यात, पुरातत्त्ववाल्यांना मडकी आणि धातुकाम, वनस्पतिशास्त्रज्ञांना मॅलॉर्न झाडाचं नीट वर्णन, इतिहासकारांना गॉन्डोरची राज्यव्यवस्था; शिवाय जे दोन जादूगार पुस्तकात कुठे दिसतच नाहीत त्यांचं पुढे काय झालं तेही हवं. तो पानच्या पानं उत्तरं लिहीत असे. आदल्याच वर्षी त्यानं शंकाही बोलून दाखवली होती की या सगळ्याला एक अवाढव्य खेळ समजण्याची वृत्ती फारशी हितकर नसावी, निदान आपल्यासाठी तरी. कारण आपल्यालाच तिची भुरळ फार पडते.

ती भुरळ किती होती याचा एक दाखला १९४४च्या मे महिन्यातला आहे. ख्रिस्तोफर हा त्याचा धाकटा मुलगा तेव्हा हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता आणि बाप त्याला कादंबरीची प्रगती पत्रातून कळवत होता. फ्रोडो आणि सॅम शत्रूच्या मॉर्डोर प्रदेशाच्या वाटेवर, बाकीचे साथीदार शेकडो मैल दूर. टोल्किनच्या लक्षात आलं की आपला चंद्र भलतंच काहीतरी करतोय. एका मुलखात उगवतोय आणि त्याच वेळी दुसऱ्या मुलखात मावळतोय. अख्खी दुपार मागची प्रकरणं दुरुस्त करण्यात गेली. पुढे त्यानं चंद्राच्या कलांसाठी १९४२ सालच्या खऱ्या चंद्राचा आधार घेतला. इंग्लंडवर युद्धाची छाया, कागदाची टंचाई इतकी की मसुदे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, आणि प्राध्यापक महाशय फ्रोडोच्या आकाशातली तिथी तपासताहेत.

तिथ्या नीट लावल्या आहेत म्हटल्यावर त्या तपासणारेही आलेच. १९६५मध्ये अमेरिकेत एस बुक्स या प्रकाशनानं लेखकाची परवानगी न घेता स्वस्त आवृत्ती काढली, त्यावर गदारोळ झाला, पाठोपाठ बॅलन्टाइनची अधिकृत आवृत्ती आली आणि कॉलेजांमधून या पुस्तकाची साथ पसरली. त्याच वर्षी अमेरिकेत टोल्किन सोसायटी निघाली, १९६७मध्ये मिथोपोइक सोसायटी, १९६९मध्ये ब्रिटनची टोल्किन सोसायटी. रॉबर्ट फॉस्टरनं १९७१मध्ये नावांचा कोश काढला. हे सगळे हौशी लोक, आणि टोल्किन-अभ्यासाचा पाया त्यांनीच घातला. विद्यापीठांतले बरेच पंडित तेव्हा या पुस्तकाकडे पोरासोरांची गोष्ट म्हणून बघत होते.

हौस आणि शास्त्र यांचा मेळ पाहायचा तर कॅरेन विन फॉनस्टॅड यांचा नकाशासंग्रह पाहावा. बाई व्यवसायानं नकाशाकार. १९८१मध्ये आलेल्या त्यांच्या ‘द अ‍ॅटलस ऑफ मिडल-अर्थ’मध्ये डोंगरांची रचना कशी झाली असावी, जमीन कशाची, हवा कशी, रोज किती मैल चाल झाली आणि मुक्काम कुठे पडला, इथवर सगळं आहे. यातली खरी अडचण कुठल्याही भूगोलतज्ज्ञाला घाम फोडणारी आहे: टोल्किनचं जग आधी सपाट होतं आणि न्यूमेनॉर बेट बुडाल्यावर गोल झालं. सपाट जगाचा नकाशा गोल जगाच्या नकाशाला जोडायचा कसा? बाईंनी नेटानं तोडगे काढले, आणि नवी कागदपत्रं छापून आल्यावर १९९१मध्ये संग्रह पुन्हा दुरुस्त केला.

नकाशांतला सगळ्यात मोठा शोध मात्र नंतर लागला. पॉलिन बेन्स या चित्रकर्तीनं मिडल-अर्थचा, म्हणजे या कल्पित जगाचा, एक सुंदर भिंतीवरचा नकाशा काढला होता, तो १९७०मध्ये प्रसिद्ध झाला. तिला काम करता यावं म्हणून टोल्किननं छापील नकाशावर हातानं सूचना लिहून दिल्या होत्या. तो कागद तिच्या पुस्तकाच्या प्रतीत तसाच पडून राहिला, २०१५मध्ये उजेडात आला आणि पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयानं घेतला. त्यावर लेखकाच्या अक्षरात लिहिलंय की हॉबिटन हे हॉबिटांचं गाव साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर आहे, गॉन्डोरची राजधानी मिनास तिरिथ इटलीतल्या राव्हेनाच्या, आणि नकाशाची तळरेघ जेरुसलेमच्या आसपास. इतकी वर्षं लोक ज्याचे अंदाज बांधत होते ते एका कागदावर होतं.

टोल्किन गेला तेव्हा ज्या पुस्तकावर त्यानं तरुणपणापासून आयुष्य घालवलं ते ‘सिल्मारिलियन’ अपुरं होतं. अपुरं म्हणजे शेवट राहिलेलं नव्हे. एकेका कथेचे तीन-चार पाठ, कुठे पद्य, कुठे गद्य, नावं दर दहा वर्षांनी बदललेली. ख्रिस्तोफर स्वतः ऑक्सफर्डमध्ये शिकवत होता. १९७५मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि या ढिगात शिरला. गाय गॅव्हरिएल के या तरुण कॅनेडियनच्या मदतीनं (तो पुढे स्वतः नामवंत कादंबरीकार झाला) त्यानं १९७७मध्ये सलग वाचता येईल असं एक ‘सिल्मारिलियन’ सिद्ध केलं. वाचकांनी ते धर्मग्रंथासारखं स्वीकारलं. पण ते एका संपादकानं अनेक पाठ जोडून केलेलं पुस्तक होतं, काही ठिकाणी तर सांधा जुळत नाही म्हणून नवा मजकूर घालून.

आणि मग ख्रिस्तोफरनं जे केलं ते संपादकांच्या इतिहासात दुर्मिळ आहे. १९८३ ते १९९६ या काळात त्यानं ‘द हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ’चे बारा खंड काढले. त्यांत वडिलांचे मसुदे आहेत तसे मांडले आणि आपण १९७७मध्ये कुठे चुकलो तेही एकेक करून नोंदवलं. गिल-गॅलाडचं उदाहरण घ्या. एल्फांचा हा थोर राजा, खलनायक सॉरॉनशी लढताना मेलेला. त्याचा बाप कोण? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सांगत नाही. १९७७च्या ‘सिल्मारिलियन’नं सांगितलं, फिंगॉन. वंशावळी छापल्या गेल्या, कोशांत नोंदी झाल्या. १९९६मध्ये बाराव्या खंडात ख्रिस्तोफर लिहितो की फिंगॉन ही वडिलांच्या मनातली एक तात्पुरती कल्पना होती, त्यांचा शेवटचा विचार वेगळा होता, त्यात तो ओरोड्रेथचा मुलगा ठरतो; आणि हे बापाचं प्रकरण आपण मोघमच ठेवायला हवं होतं. एकोणीस वर्षांनी एका राजाचा बाप बदलला. आजही वंशावळ काढणाऱ्याला आधी हे ठरवावं लागतं की आपण १९७७ला मानतो की १९९६ला.

खलनायकांच्या सैन्यातले ऑर्क कुठून आले याचं उत्तरही असंच निसटतं. छापील पुस्तक म्हणतं, पकडून छळलेल्या एल्फांपासून. पण टोल्किन धर्मनिष्ठ कॅथलिक. एक अख्खी जमात जन्मतःच उद्धाराच्या पलीकडे गेलेली, हे त्याला पटेना. उतारवयात तो ऑर्क माणसांपासून झाले असतील का, की ते नुसते बोलणारे पशू, असे पर्याय लिहून बघत राहिला. निकाल त्यानं दिलाच नाही. आणि ज्या दोन हरवलेल्या जादूगारांबद्दल वाचक विचारत होते, त्यांच्याबद्दल तो १९५८मध्ये म्हणतो की ते बहुधा अपयशी ठरले. अखेरच्या वर्षांतली नोंद म्हणते की पूर्वेत त्यांनी मोठं काम केलं, त्यांच्यामुळेच सॉरॉनचं बळ कमी पडलं. दोन्ही कागद त्याच्याच हातचे.

कागद तरी एका जागी असावेत की नाही? तेही नाहीत. १९५७मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठानं ‘हॉबिट’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची हस्तलिखितं दीड हजार पौंडांना विकत घेतली, आजच्या मानानं फुकटात. पण पाठवताना काही गठ्ठे घरीच राहून गेले. परिणाम असा झाला की एकाच मसुद्याची पानं दोन ठिकाणी विभागली गेली. त्यात टोल्किनची सवय अशी की आधी पेन्सिलीनं भरभर लिहायचं आणि मग त्याच ओळींवर शाईनं नवा मजकूर. खालची पेन्सिल वाचणं म्हणजे दिव्य. त्या खालच्या थरांतून जे निघालं ते मात्र मजेशीर आहे. फ्रोडोचं नाव आधी बिंगो होतं. आणि ब्री गावच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला तो गूढ, उंच माणूस, पुढे राजा होणारा अ‍ॅरागॉर्न, हा आधी लाकडी बूट घालणारा ट्रॉटर नावाचा एक हॉबिट होता. तो कोण हे लेखकालाही तेव्हा ठाऊक नव्हतं. लिहिता लिहिता कळत गेलं.

आता विद्यापीठंही मागे राहिलेली नाहीत. टॉम शिपी यांनी १९८२च्या ‘द रोड टू मिडल-अर्थ’मध्ये दाखवलं की टोल्किनच्या कथा जुन्या भाषांतल्या कोड्यांतून कशा उगवल्या. व्हर्लिन फ्लीगर, जॉन गार्थ, वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल हे सगळे त्याच रांगेतले. हॅमंड-स्कल जोडप्याच्या मदतीनं २००४च्या आवृत्तीत तीनशेहून अधिक दुरुस्त्या झाल्या, बऱ्याचशा स्वल्पविरामांच्या. मराठी वाचकाला या जगात शिरायला मुग्धा कर्णिक यांचं ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे भाषांतर आहे. पण मसुद्यांचं हे तळघर अजून इंग्रजीतच उतरून बघावं लागतं.

सगळ्यात कडू भांडणं भाषेवरून होतात. टोल्किननं एल्फांसाठी क्वेन्या ही भाषा फिनिशच्या नादावर आणि सिंडारिन वेल्शच्या नादावर घडवली. भाषा आधी, कथा मागून, असं तो स्वतः म्हणे. पण व्याकरण त्यानं कधी कायम केलं नाही. ख्रिस्तोफरनं भाषाविषयक कागदांच्या प्रती काही अभ्यासकांच्या गटाकडे सोपवल्या आणि हे अभ्यासक ते कागद ‘पार्मा एल्डालाम्बेरॉन’ व ‘विन्यार टेंग्वार’ या नियतकालिकांतून छापत आले आहेत. त्याच सुमाराला दुसरे लोक उपलब्ध शब्दांवरून बोलण्याजोगी एल्फी भाषा तयार करत होते. डेव्हिड सालो यांनी चित्रपटांसाठी संवाद रचले ते असेच. पहिला गट म्हणतो, तुम्ही वेगवेगळ्या दशकांतली रूपं एकत्र कालवून भलतीच भाषा बनवली आहे. दुसरा म्हणतो, तुम्ही कागद छापायला इतका वेळ लावता की तोवर आम्ही काय मुके बसायचं? दोघांचंही खरं आहे. माझा कल पहिल्या गटाकडे आहे, पण लग्नाच्या अंगठीवर एल्फी ओळ कोरून घ्यायची असेल तर दुसऱ्याच गटाकडे जावं लागतं.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या टॉम बॉम्बाडिल या पात्रासारखी एखादी जागा टोल्किननं मुद्दाम रिकामी ठेवली, आणि तसं १९५४च्या पत्रात लिहूनही टाकलं: पौराणिक युगातही काही कोडी असायलाच हवीत, बॉम्बाडिल हे त्यातलं एक, जाणूनबुजून ठेवलेलं. तरीही तो देव की निसर्गात्मा की खुद्द लेखक, यावर निबंध येतच असतात. इथे मात्र मला वाचकांची दया येते. ज्या दारावर मालकानं स्वतः ‘इथे काही नाही’ अशी पाटी लावली आहे तेच दार ठोठावायचं!

ख्रिस्तोफर २०२०च्या जानेवारीत पंचाण्णव वर्षांचा होऊन वारला. पण कागद संपले नव्हते. पुढच्याच वर्षी ‘द नेचर ऑफ मिडल-अर्थ’ आलं. संपादक कार्ल हॉस्टेटर, जो नासात संगणकशास्त्रज्ञ आणि त्याच भाषागटातला. त्यात एल्फांच्या वयाचे हिशेब आहेत: त्यांचं एक वर्ष म्हणजे आपली १४४ वर्षं धरली तर पिढ्या जुळतात का, हे पाहण्यासाठी म्हाताऱ्या प्राध्यापकानं भरलेले आकड्यांचे ताव. आणि दाढीवर एक टिपण आहे, मृत्यूच्या आधीच्या काळातलं. एल्फ बिनदाढीचे, म्हणून ज्यांच्या अंगात एल्फांचं रक्त आहे त्या घराण्यांतले पुरुषही बिनदाढीचे. म्हणजे अ‍ॅरागॉर्नला दाढी नाही, गॉन्डोरच्या बोरोमिर आणि फॅरामिर या भावांनाही नाही. चित्रपटांनी तिघांच्याही चेहऱ्यावर केस ठेवले आहेत, आणि जगभरच्या चाहत्यांनी वीस वर्षं त्यांची चित्रं तशीच काढली. टिपण छापून आल्यावर नवा वाद सुरू झाला: मरणाआधी लिहिलेली, लेखकानं कधीही न छापलेली ही नोंद मानायची का? बिनदाढीवाल्यांचा पक्ष म्हणतो, शेवटचा शब्द लेखकाचा. दाढीवाले बाराव्या खंडातलं गिल-गॅलाडचं पान उघडून दाखवतात आणि विचारतात, शेवटचा म्हणजे कोणता?